पक्षाने खासदाराला काढले, तर जागा कोणाची?

29 मे 2024 रोजी वानुआतू या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्राच्या इतिहासातील पहिले राष्ट्रीय सार्वमत झाले. त्याआधीच्या आठवड्यांत गावोगाव जाऊन घटनादुरुस्तीचा मजकूर समजावून सांगणाऱ्या एका पथकाबरोबर मी कायदेविषयक सल्लागार म्हणून फिरत होतो. मालेकुला बेटावरील एका गावात एका शिक्षिकेने जो प्रश्न विचारला, त्याचे पूर्ण उत्तर मला अजून सापडलेले नाही.

दुरुस्तीची गरज खरी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. 52 सदस्यांच्या संसदेत अविश्वास प्रस्ताव आणायला नऊ सह्या पुरतात आणि सरकार पाडायला 27 मते लागतात. त्यामुळे चार-पाच सदस्य इकडून तिकडे गेले की पंतप्रधान बदलतो. 2023 या एकाच वर्षात इश्माएल कालसाकाऊ, सातो किलमन आणि शार्लो सालवाई असे तीन पंतप्रधान त्या देशाने पाहिले. प्रत्येक बदलाबरोबर मंत्री बदलतात, खात्यांतील सल्लागार बदलतात आणि एखाद्या बेटावरील दवाखान्याची फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. यावर उपाय म्हणून कलम 17अ सुचवले गेले: पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षाने काढलेल्या सदस्याची जागा रिक्त होईल. 17ब नुसार अपक्षांनी आणि पक्षाच्या एकुलत्या एका सदस्याने ठरावीक मुदतीत एखाद्या पक्षाशी संलग्न व्हायचे होते. संसदीय व्यवस्थेला हात घालणारी दुरुस्ती केवळ संसदेच्या दोन तृतीयांश मतांनी लागू होत नाही, ती जनतेपुढे न्यावी लागते. म्हणून हे सार्वमत.

सभा नाकामालच्या, म्हणजे पुरुषांच्या पारंपरिक सभाघराच्या, आत न घेता बाहेरच्या वडाखाली घेण्याचा आग्रह आमच्या स्थानिक सहकाऱ्याने धरला होता, कारण आत घेतली असती तर बायका आल्याच नसत्या. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या तज्ज्ञांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. त्याने बिस्लामा या तिथल्या राष्ट्रीय भाषेत दोन्ही कलमे इतकी स्वच्छ मांडली की मला जोडण्यासारखे काही उरले नाही.

मग त्या शिक्षिका उठल्या. आमच्याजवळ नमुन्यादाखल काही मतपत्रिका होत्या. वानुआतूतील निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपत्रिका वेगळी असते. तिच्यावर त्याचे छायाचित्र आणि पक्षाचे चिन्ह छापलेले असते. मतदार सगळ्या पत्रिका घेऊन आडोशाला जातो, त्यांतील एक पाकिटात घालतो आणि बाकीच्या टाकून देतो. बाईंनी त्यांतील एक उचलली, अंगठ्याने चिन्ह झाकले आणि फक्त चेहरा आमच्याकडे धरला. त्या म्हणाल्या, “मी मत या माणसाला देते. एकाच पक्षाचे दोघे इथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा चिन्ह पाहून मी निवडणार कसे? उद्या राजधानी पोर्ट व्हिलात बसलेल्या पक्षाध्यक्षांनी याला काढले, तर माझे मत त्यांनी काढले असे होत नाही का?”

त्यांचे निरीक्षण नेमके होते. मालेकुलासारख्या मतदारसंघातून अनेक सदस्य निवडून जातात, पण मतदाराला मत एकच असते. अशा पद्धतीत पक्षापेक्षा नातेगोते, चर्च आणि गाव यांवर निवडणूक चालते. ती पद्धत तशीच ठेवून सदस्याला मात्र पक्षाशी घट्ट बांधायचे, ही या मसुद्यातील सर्वांत कच्ची जागा होती.

मग त्यांनी मला थेट विचारले, “तुमच्या देशात असा कायदा आहे म्हणतात. तिथे पक्षांतर थांबले का?”

मी महाराष्ट्राचा. मी सांगितले की आमच्याकडे 1985 पासून घटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आहे, 2003 मध्ये त्यातील एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटल्यास मिळणारी सवलतही काढून टाकली, आणि तरीही जून 2022 मध्ये माझ्याच राज्यात एक पक्ष दुभंगून सरकार कोसळले. अपात्रतेच्या याचिका त्याच महिन्यात सुरू झाल्या; सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला आणि तो लागला जानेवारी 2024 मध्ये. एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

परतताना ट्रकमध्ये एका वरिष्ठ सहकाऱ्याने मला सुनावले की असे बोलून मी लोकांना गोंधळात टाकले. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. मतदाराला माहिती द्यायला गेलेल्या माणसाने गैरसोयीची माहिती गाळली, तर तो प्रचारक होतो. आमच्या व्यवसायाचे दुखणे असे की अहवालात किती गावे झाली याला रकाना असतो, कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले याला नसतो.

बाईंना मी एक फरकही सांगितला होता. वानुआतूच्या घटनेतील कलम 54 प्रमाणे जागा रिक्त झाली की नाही याचा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालय करते. भारतात तो अधिकार प्रथम सभागृहाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे बहुधा सत्ताधारी पक्षाच्याच माणसाकडे असतो. त्यामुळे वेळकाढूपणाला वानुआतूत वाव कमी आहे, असे मला मनापासून वाटते. पण त्यावर त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: न्यायालय फक्त काढले की नाही एवढेच पाहणार, की काढणे न्याय्य होते का हेही पाहणार?

दोन्ही दुरुस्त्या बहुमताने मंजूर झाल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये संसद विसर्जित झाली, डिसेंबरमध्ये भूकंपाने पोर्ट व्हिला हादरले, तरी 16 जानेवारी 2025 रोजी मतदान झाले आणि फेब्रुवारीत जोथम नापात पंतप्रधान झाले. मी माझ्या टिपणात लिहून दिले होते की हकालपट्टीपूर्वी लेखी नोटीस, पक्षाच्या नेत्याहून वेगळ्या मंडळापुढे सुनावणी आणि कारणांची नोंद, या तीन अटी पक्षनोंदणीच्या नियमांत सक्तीच्या असाव्यात. त्यांशिवाय केलेली हकालपट्टी कलम 17अ साठी ग्राह्य धरू नये. या अटी नसतील, तर न्यायालयासमोर तपासायला पक्षाध्यक्षाच्या सहीचे एक पत्र तेवढे असेल.