१०० पिल्लं, मार्च ते आखाड: मोकळ्यावरच्या कोंबड्यांचा हिशोब

कोंबड्या मोकळ्या सोडल्या की खाद्याचा खर्च वाचतो, हे निम्मंच खरं आहे. रानात कोंबडीला किडे, गांडुळं, कोवळा पाला, पडलेलं धान्य मिळतं. त्यातून थोडी प्रथिनं आणि बरीच जीवनसत्त्वं जातात, बलक गडद पिवळा होतो, चालून-पळून मांस घट्ट होतं. पण अंडं तयार करायला लागणारी ऊर्जा आणि कवचाचा चुना रानातून भागत नाही. पावसाळ्यात रोजच्या गरजेच्या चौथा, फार तर तिसरा हिस्सा रान भरून काढतं. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कडक झाली की तेवढंही नाही. म्हणून खाली जो हिशोब मांडला आहे तो दाणा विकत घेऊनच मांडलेला आहे.

लहान प्रमाणावर सुरुवात करायची तर १०० पिल्लांची एक खेप सोयीची पडते. लिंग न निवडलेली एक दिवसाची पिल्लं घेतली की साधारण निम्मे नर निघतात. पाच-सात मर धरली तर ४६-४७ कोंबडे मांसासाठी आणि तेवढ्याच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) अंड्यांसाठी राहतात. लशीची सगळ्यात लहान बाटलीही बहुधा १०० मात्रांची असते, म्हणजे तिथेही वाया जात नाही.

खेप कधी आणायची हे ऋतूपेक्षा पंचांग ठरवतं. कोंबड्याला सगळ्यात जास्त मागणी आखाडात आणि श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब. आषाढाच्या मध्यापासून १६-१७ आठवडे मागे मोजले की बहुतेक वर्षी मार्चचा मध्य किंवा शेवट येतो. मात्र तारीख पाठ करू नका. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो १३ ऑगस्टपासून आहे. चुकून ४५ कोंबडे श्रावणात अडकले तर रोज प्रत्येकी १०० ग्रॅमने महिन्याला १३५ किलो खाद्य जातं आणि वजन त्या मानाने वाढत नाही. लहान कुक्कुटपालनातला तोटा पुष्कळदा रोगापेक्षा इथेच होतो.

जातीवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, तिथलीच ग्रामप्रिया अंड्यांकडे जास्त झुकणारी. बंगळूरूहून आलेली गिरिराजा अंगाने भारी. शुद्ध गावरान वर्षाला ५० ते ८० अंडी देते, पण चपळ असते आणि पिल्लं स्वतः काढते. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ठरलेलं गिऱ्हाईक नसेल तर त्याच्या नादी लागू नये. पुढचा हिशोब वनराजा धरून आहे.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं कोंडाळं, चालू हवा. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल, सात-आठ फूट व्यासाचा. खाली दोन इंच भाताचं तूस, वर पहिले दोन-तीन दिवस गोणपाट किंवा खरखरीत कागद. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून पिल्लं फेंगडी होतात. उष्णता पिल्लामागे एक ते दोन वॅट, म्हणजे १०० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब. एलईडी लावून उपयोग नाही, त्याने उजेड पडतो पण ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. तापमापकापेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर गरम होतंय, एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा येतोय. मार्चमध्ये दुपारी बल्ब बंदच ठेवावे लागतात, रात्रीपुरतेच लागतात. वीज जाणाऱ्या गावात निखाऱ्यांची शेगडी तयार ठेवा, पण खोली बंद करून नाही. कोळशाच्या वायूने सगळी खेप एका रात्रीत जाऊ शकते.

आधी पाणी, दोन-तीन तासांनी दाणा. प्रवासातून आलेल्या पिल्लांना पहिलं पाणी गुळाचं, लिटरला चमचाभर गूळ. पहिल्या दिवशी नुसती बारीक मक्याची भरड दिली की विष्ठा गुदद्वाराला चिकटून बसण्याचा त्रास कमी होतो. दुसऱ्या दिवसापासून २० टक्के प्रथिनांचं तयार चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य). सहा आठवड्यांत पिल्लामागे सव्वा ते दीड किलो लागतं. इथे घरच्या कण्यांवर भागवायला गेलात तर पिसं उशिरा भरतात आणि पुढे वजन कधीच पकडलं जात नाही.

लसीकरणात सूट नाही. मॅरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचलेली असावी, पिल्लं घेताना विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) पहिली लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती मारणाऱ्या रोगाची) लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, या वेळी पाण्यातून. सातव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस पंखाच्या पडद्यात टोचायची आणि आठवड्याने तिथे खपली धरली का ते पाहायचं. खपली नाही म्हणजे लस लागू पडली नाही. आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीचीच पुढची लस, आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिली. पाण्यातून लस देताना नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही. विहिरीचं पाणी, लिटरला पाच-सहा ग्रॅम दूध पावडर, त्याआधी दोन तास पाणी बंद, आणि मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपली पाहिजे. बाटली दवाखान्यातून बर्फात आणा. खिशात घालून आणलेली लस टोचल्याचं फक्त समाधान मिळतं. ‘लस दिली तरी मानमोडी आली’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा ही वाहतूकच असते.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातला खरा शत्रू रक्ती हगवण. ओलं तूस हे तिचं घर. मूठभर तूस दाबून पाहा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे, पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस आजच बदला. तांबडी विष्ठा आणि पंख पाडून उभी पिल्लं दिसली की पाण्यातून अॅम्प्रोलियम हे औषध, पाकिटावरच्या प्रमाणात पाच ते सात दिवस, त्याच दिवशी सुरू. उद्यावर ढकलण्यात पिल्लं जातात.

सहा आठवड्यांच्या आत रानात सोडू नका. घार आणि कावळा पिल्लं उचलतात आणि मार्च-एप्रिलमध्ये झाडांखालीही आडोसा विरळ असतो.

आता खुराडं. दिवसभर मोकळ्या असलेल्या कोंबडीला रात्रीपुरती जागा लागते, पण ती पक्की हवी. १० बाय १२ फूट पुरतं. १०० लहान पक्ष्यांना प्रत्येकी सव्वा चौरस फुटाच्या आसपास मिळतं, कोंबडे विकले गेले की तलंगांना अडीच. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत घुसत नाही. खाली दीड फूट वीट किंवा चिरा, वर जाळी, छपराच्या पागोळ्या तीन फूट बाहेर, नाहीतर कोकणातल्या पावसात तूस पहिल्याच आठवड्यात चिखल होतं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण रानमांजर आणि कुत्रं ती फाडतात, आणि मुंगसाचं पिल्लू तिच्या भोकातूनच येतं. घूस आणि मुंगूस खालून उकरतात, म्हणून भिंतीलगत बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरतं, दीड फूट मागे जाऊन सुरुवात करायची त्याला बुद्धी होत नाही. दाराला कडी दोन ठिकाणी.

बसायला दांड्या हव्यात, दोन-अडीच फूट उंचीवर, दोन इंच जाड, कडा गोल केलेल्या. १०-१० फुटांच्या पाच दांड्या एका पातळीवर बांधा. शिडीसारख्या चढत्या बांधल्या तर सगळ्या वरच्या दांडीसाठी भांडतात आणि खालच्यांवर घाण पडते.

रानासाठी १० गुंठे असतील तर चार भाग करा आणि आठवड्याला एक भाग वापरा. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने गवत पुन्हा वर येतं आणि जंतांच्या अंड्यांचा भार, विशेषतः उन्हात, कमी होतो. पूर्ण जात नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जंतनाशक लागतंच. एकाच अंगणात वर्षभर फिरवलेल्या कोंबड्या जमीन टक्कल करतात, मग ती मोकळी पद्धत राहत नाही, नुसती छप्पर नसलेली शेड होते. कुंपणाला जुनी मासेमारीची जाळी सहा फूट उंच बांधतात, स्वस्त आणि पुरेशी. उडणाऱ्या तलंगांच्या एकाच पंखाची मोठी पिसं कापा. दोन्ही कापली तर तोल सांभाळून त्या तशाही उडतात. तूर, शेवगा, केळी असलं काही मध्ये मध्ये लावलं की घारीपासून आडोसा मिळतो.

खाद्याचं सूत्र, अंड्यावरच्या १०० किलोसाठी: मक्याची भरड ५०, ज्वारी किंवा तांदळाची कणी १०, राइस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) १०, सोयाबीन पेंड २०, शिंपल्याची भरड ७, खनिज मिश्रण अडीच, मीठ पाव किलो, उरलेलं जीवनसत्त्वांचं मिश्रण. यात सुमारे साडेपंधरा टक्के प्रथिनं आणि सव्वातीन टक्के कॅल्शियम बसतं. वाढत्या तलंगांना आणि कोंबड्यांना यातला शिंपला काढून तेवढा मका घाला. अंड्यावर येण्याआधी जास्त कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात. विदर्भ-मराठवाड्यात घरचं सोयाबीन असतं म्हणून कच्चंच दळून घालतात, ते करू नका. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचं पचन अडवतो. ते नीट भाजलेलं हवं किंवा सरळ पेंड घ्या. दुसरा धोका बुरशी. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड काळपट, कुबट झाली की अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत जातं. अंडी कमी होतात, लस नीट लागू पडत नाही, आणि कारण मात्र कोणी खाद्यात शोधत नाही. पोतं भिंतीपासून दूर, फळीवर, पंधरा दिवसांपुरतंच.

पावसाळ्यात अंड्यावरच्या कोंबडीला वरून रोज ७० ग्रॅम, उन्हाळ्यात १०० ते ११०. सकाळी तिसरा हिस्सा, संध्याकाळी उरलेला. सकाळी पोट भरलं की ती रानात शोधत नाही, आणि संध्याकाळी दाणा मिळतो म्हणून आपणहून परत येते.

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीचं कौतुक फार होतं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. किलोभर अझोल्यातून जेमतेम १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, त्यामुळे हिरवा चारा म्हणून ठीक, पेंडीला पर्याय म्हणून नाही. त्यापेक्षा वाळवी चांगली. जुन्या मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचे तुकडे आणि कडबा भरून संध्याकाळी वारुळाजवळ ओल्या जमिनीवर पालथं घालायचं, सकाळी कोंबड्यांपुढे झटकायचं.

आठव्या-दहाव्या आठवड्यात तुऱ्यावरून नर ओळखू येतात, तेव्हाच वेगळे करा, नाहीतर तलंगांना खाऊ देत नाहीत. सोळाव्या आठवड्याला दीड ते पावणेदोन किलो भरतात. घरी कापून विकायचे तर आधी आठ-दहा तास दाणा बंद, पाणी चालू. पिसं काढायला पाणी साठ-बासष्ट अंशांचं, मिनिटभर. उकळत्या पाण्यात बुडवलं की कातडं फाटतं. गिऱ्हाईक हळद लावून भाजलेला मागत असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण फाटलेलं कातडं भाजताना आक्रसतं. आठवडी बाजारात न खपलेले कोंबडे परत खुराड्यात सोडू नका. तिथे दहा गावची कोंबडी एकत्र आलेली असते आणि मानमोडी अशीच घरी येते. तीन आठवडे वेगळे ठेवा, जमत नसेल तर त्याच दिवशी कापा.

तलंगा चोवीस आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अंड्यावर येतात. पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद एक खोका, दांड्यांपेक्षा खाली आणि अंधाऱ्या बाजूला. हे खोके पहिल्या अंड्याच्या महिनाभर आधी बसवा, नाहीतर तुरीत घालायची सवय लागते. पुढे डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी घटतात, तीही नेमकी थंडीची मागणी असताना. तेव्हा बल्बने उजेड १४ तासांपर्यंत न्या, पण पहाटेच्या बाजूने. रात्री वाढवला आणि एकदम बंद झाला तर कोंबड्या दांडीवर न चढता खाली अंधारात राहतात. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी आली तर शिंपला वाढवण्याआधी सावली आणि गार पाणी पाहा. धापा टाकताना रक्तातला कर्बवायू जातो आणि कवचाला लागणारं द्रव्यच कमी पडतं.

वनराजा खुडूक फारशी बसत नाही. तिची अंडी उबवून पिल्लं काढली तरी ती संकराची असल्याने पुढच्या पिढीत एकसारखी निघत नाहीत. गावरान कोंबडी खुडूक बसली आणि पिल्लं नको असतील तर नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं असले प्रकार करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की उठते.

पुढच्या ऑगस्टमध्ये कोंबड्या ७२ आठवड्यांच्या होतात आणि अंडी उतरणीला लागतात. सगळ्या एकदम काढायची गरज नाही. कोंबडी उलटी धरून गुदद्वाराखालची दोन हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं मावत असतील आणि भाग मऊ-ओलसर असेल तर ती अजून घालते आहे. एकच बोट मावलं आणि तुरा फिका, कोरडा असेल तर ती बाजारात.