लोक उठून का जात नाहीत?

भूजलावर पीएचडी करणारी मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, गावातल्या तुमच्या भाषणाला लोक शेवटपर्यंत बसतात. आमची पाचवी स्लाइड येईतो मागची सतरंजी रिकामी. तुम्ही नेमकं करता काय?’ एकेकाला फोनवर सांगत होतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझ्याही भाषणातून लोक उठून गेलेत. पहिल्या भाषणाला, एका गावच्या मारुतीच्या देवळात, मी ४२ स्लाइड घेऊन गेलो होतो. दुपारचे चार वाजलेले, पश्चिमेचं ऊन थेट पडद्यावर. पाणीपातळीचे माझे रंगीत नकाशे कुणाला दिसलेच नाहीत, आणि दिसले असते तरी काही बिघडलं-सुधारलं नसतं. ‘जलधर’ (म्हणजे पाणी धरून ठेवणारा जमिनीखालचा थर) हा शब्द मी किती वेळा उच्चारला, देव जाणे. पाऊण तासानं पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, ‘साहेब, ते सगळं बरोबर. पण माझी विहीर दिवाळीला आटते अन् बांधापलीकडची चुलतभावाची होळीपर्यंत चालते. ते कसं?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं. एकतिसाव्या का बत्तिसाव्या स्लाइडवर.

तेव्हापासून मी भाषण या प्रश्नापासूनच सुरू करतो. शोधनिबंधात आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग आकडे आणि शेवटी निष्कर्ष असतो. तो क्रम परीक्षकासाठी बांधलेला आहे. देवळात बसलेल्या माणसाला तुमची पद्धत तपासायची नसते. त्याचा एक प्रश्न असतो आणि तो त्यानं घरूनच आणलेला असतो. कीर्तनकाराला हे आपल्या कितीतरी आधी कळलं होतं. तो पूर्वरंगात एकच अभंग धरतो, उत्तररंगात आख्यान लावतो, वाटेत चार विनोद करतो, पण फिरून त्याच अभंगावर येतो. माझा अभंग म्हणजे ‘त्याची विहीर का आटत नाही?’ जी गोष्ट या ओळीवर परत येत नाही ती भाषणातून काढायची, मग तिच्यावर माझी तीन वर्षं गेलेली का असेनात. रंगीत नकाशे असेच गेले. अजून थोडं दुखतं.

आता माझी दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा वाईट, कारण हिला टाळ्या पडायच्या.

महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग तरी बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकतात, तिथला दगड भोकाभोकांचा होतो. मधला भाग घट्ट राहतो. काहीतरी हातात धरून दाखवावं म्हणून मी पिशवीतून दोन दगड न्यायला लागलो. घट्ट दगड दाखवायचा: ‘यात पाणी राहत नाही.’ भोकांचा दाखवायचा: ‘यात राहतं.’ लोक माना डोलवायचे. दोन वर्षं हे चाललं.

मग एका गावात विहिरी खोदणारे एक मुकादम भाषण संपल्यावर जवळ आले. दगड हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, ‘ह्या भोकांना एकमेकांत वाट कुठाय? बंद डब्या आहेत ह्या. अन् निम्म्यांत तर पांढरी गारगोटी भरलीय. पाणी येतं ते चिरेतनं.’

शब्द न् शब्द खरं होतं. ती पांढरी भर म्हणजे बहुधा झिओलाइट नावाचं खनिज, आणि बेसाल्टमध्ये पाणी खेळतं ते मुख्यतः भेगांतून, दोन थरांच्या सांध्यातून आणि वरच्या मुरमातून, हे मी स्वतःच छापलेलं होतं. सोपं करायच्या नादात मी खोटं सांगत होतो. ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याची आपण फार काळजी करतो. त्याला काय माहीत आहे, ते विचारतच नाही. आता गावात गेलो की आधी खोदकामवाल्यांना गाठतो. कुठे किती फुटांवर काय लागलं ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि माझं निम्मं भाषण तिथेच तयार होतं.

दगड घरी ठेवले. आता शहाबादी फरशीचे चार तुकडे नेतो, त्यातला वरचा तडकलेला. मध्ये वाळूचे थर, खाली परात. तांब्यातून निळीचं पाणी ओततो. अखंड बाजूला ते तसंच थांबतं, तडा सापडला की आत शिरतं, वाळूतून आडवं पसरतं आणि भलत्याच कोपऱ्यातून बाहेर येतं. मग फक्त विचारायचं, ‘तुमची विहीर कुठे, चुलतभावाची कुठे?’ पुढची दहा मिनिटं मला बोलावं लागत नाही.

आकड्यांचं थोडक्यात. ‘२५ मिलिमीटर पाऊस’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४ हजार लिटर, म्हणजे त्या एका पावसात एकरावर लाखभर लिटर, दहा हजारी टँकरच्या दहा खेपा. टँकरची वाट पाहिलेल्या गावात हे वाक्य टाकलं की बायका पटकन हिशेब करतात, पुरुष जरा उशिरा. भाषणात असा एकच आकडा ठेवतो. दुसरा आला की पहिला जातो.

‘माझ्या रानात बोअर लागेल का?’ हा प्रश्न शेवटी येतोच. इथे मोह होतो, कारण समोरचा हो ऐकायलाच बसलेला असतो आणि त्याच्या आधी नारळ फिरवणारा पाणाड्या छातीठोक हो म्हणून गेलेला असतो. मी म्हणतो, ‘दगड बघून अंदाज देईन, हमी नाही.’ यावर काही चेहरे पडतात. पडू देतो. त्या माणसाला कर्ज काढायचं असतं, मला नाही.

बाकी किरकोळ. माईक नसेल तर उभं राहून बोलावं. पंचवीस मिनिटांत थांबावं, हे मला अजून जमत नाही. मागच्या खेपेला चाळिसाव्या मिनिटाला ग्रामसेवकांनी दारातून मनगटावर बोट ठेवून दाखवलं, आणि तेवढ्यात परातीजवळ बसलेली एक शाळकरी मुलगी म्हणाली, ‘काका, तडा उलट्या बाजूला असता तर?’ फरशी फिरवली आणि परत पाणी ओतलं. ग्रामसेवक आत येऊन बसले.