कातळावरचा हत्ती आणि सातबाऱ्यावरचा शेरा

कोकणात किल्ल्याचा एखादा बुरूज ढासळला की "पुरातत्त्व खाते काय करते आहे?" हा प्रश्न गावातल्या चहाच्या टपरीपासून जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे, परंतु खाती दोन आहेत आणि आपली तक्रार त्यांपैकी कोणत्या दारात न्यायची याचा पत्ता बहुतेकांना नसतो. मालवणचा सिंधुदुर्ग, देवगड तालुक्यातला विजयदुर्ग आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यातले आहेत, तर थळसमोरचा खांदेरी राज्य शासनाच्या संरक्षणाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यांत हे चारही जलदुर्ग आहेत. अभिनंदनाचे फलक सर्वत्र सारखेच लागले. दुरुस्तीचा प्रस्ताव मात्र प्रत्येक किल्ल्यासाठी वेगळ्या कार्यालयातून निघणार आहे.

ही विभागणी संविधानाच्या सातव्या अनुसूचीतून आलेली आहे. संसदेने कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली प्राचीन स्मारके संघ सूचीत आहेत, उरलेली राज्य सूचीत आहेत, आणि राष्ट्रीय महत्त्वाची न ठरलेली पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतल्या सूचीत आहेत. म्हणून केंद्राचा १९५८ चा कायदा आहे आणि त्याच्याच वळणावर बेतलेला महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. तो राबवण्याचे काम मंत्रालयातील सांस्कृतिक कार्य विभागाच्या अखत्यारीतले पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भागात आहे, म्हणजे संचालक स्वतःच एका अवशेषात बसतात, हे मला नेहमी गमतीचे वाटत आले आहे. त्याखाली विभागवार सहायक संचालकांची कार्यालये आहेत आणि आपल्या किनाऱ्याचा कारभार रत्नागिरीहून चालतो. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला ठेवण्यासाठी बांधलेला रत्नागिरीचा थिबा राजवाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि तिथले प्रादेशिक वस्तुसंग्रहालयही याच संचालनालयाचे आहे.

एखादी वास्तू किंवा जागा राज्य संरक्षित होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळा गुंता तिथेच आहे. आधी पाहणी होते, मोजमापे आणि छायाचित्रे घेतली जातात, महत्त्व सांगणारे टिपण तयार होते. त्यानंतर महसुली कागद जमवावे लागतात: सातबारा उतारा, गाव नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, गट क्रमांक, चतुःसीमा आणि शक्य असल्यास ग्रामसभेचा ठराव. प्रस्ताव मंत्रालयात जातो आणि शासन राजपत्रात प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध करते. तिची प्रत स्मारकाजवळ ठळक ठिकाणी लावायची असते आणि कोणाही हितसंबंधिताला दोन महिन्यांत हरकत घेता येते. हरकतींचा विचार करून अंतिम अधिसूचना निघाली की स्मारक संरक्षित झाले.

ऐकायला हे सरळ वाटते. व्यवहारात प्राचीन मंदिर किंवा गढी असेल तर ते खरोखरच बऱ्यापैकी सरळ असते, कारण भिंत कुठे संपते हे मोजणीदाराला दिसते. कोकणच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मात्र या यंत्रणेची कसोटी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या पठारांवर कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने उजेडात आली, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने सुधीर रिसबूड व त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या स्थानिक शोधकांना आहे. गावागावांत जाऊन गुराख्यांना विचारत, सडे पायी पालथे घालत त्यांनी ही शिल्पे नोंदवली. राज्य संचालनालय त्यानंतर या कामात उतरले. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातले कुडोपी ही स्थळे गोव्यातल्या फणसायमाळसह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही नुसती उमेदवारी आहे, हे वृत्तपत्रांतले मथळे वाचताना विसरायला होते.

कशेळीचा हत्ती ज्यांनी पाहिला नसेल त्यांना या अडचणीची कल्पना येणार नाही. आकृती सुमारे १८ मीटर लांबीची आहे. आपण तिच्यावर उभे असलो तरी आपल्याला हत्ती दिसत नाही. पायाखाली नुसत्या वळत जाणाऱ्या खाचा दिसतात. उंचावरून पाहिल्यावरच सोंड, पाठ आणि त्याच्या पोटात दाटीने कोरलेले इतर प्राणी व जलचर उलगडत जातात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचेच्या कडेला सावली धरते आणि रेघ स्पष्ट होते. भर दुपारी तीच रेघ डोळ्यांसमोरून निसटते. पावसाळ्यात सड्यावर गवत उगवते, खाचांत पाणी आणि माती साठते, शेवाळ धरते. अशा चित्राची चतुःसीमा कोणती धरायची? केवळ कोरलेली आकृती घेतली तर दोन हातांवर चिरेखाण निघू शकते, आणि सगळा सडा घेतला तर दहा खातेदारांचे सातबारे अडकतात.

राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी मला हे फार सोप्या शब्दांत सांगितले होते. त्यांच्या जमिनीत दोन आकृत्या आहेत आणि त्यांना त्यांचा अभिमानही आहे. "चित्र आमीच राखलाय इतकी वर्षां," ते म्हणाले, "पण उताऱ्यावर शेरा पडला की बँकवाला पीककर्जाक दहा प्रश्न विचारणार. सरकारान चित्राभोवतीचा कातळ मोजून घेवचा नि मोबदलो देवचो. फुकट शेरो नको." मला यात आडमुठेपणा दिसत नाही. कायदा जमीन संपादन करण्याची किंवा मालकाशी करार करण्याची मुभा देतो, पण त्याला पैसा आणि माणसे लागतात, आणि करार करण्याऐवजी सातबाऱ्यावर संरक्षणाचा शेरा मारणे केव्हाही स्वस्त पडते. उक्षीमध्ये शिल्पाभोवती गोल दगडी कठडा बांधून ते सुरक्षित केले गेले, त्याचे कौतुक सर्वांनी केले. गाव आणि जमीनमालक सोबत असतील तर काय होऊ शकते याचा तो चांगला दाखला आहे. पण प्रत्येक सड्यावर असे जुळून येईल या भरवशावर राज्याचे धोरण चालू शकत नाही.

केंद्रीय स्मारकांच्या बाबतीत २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरवून दिले आहे. त्यामुळे किल्ल्याशेजारी घराला मजला चढवायचा तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात आणि गावकरी वैतागतात, हे खरे आहे. तरीही तिथे निदान नियम काय आहे हे सर्वांना माहीत असते. राज्याच्या स्मारकाला अधिसूचनेत गट क्रमांक आणि क्षेत्र काय लिहिले आहे यावरच पुष्कळ काही ठरते, म्हणून मोजणीचा तो नीरस दिवस मला संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्खननाचे सूत्र वेगळे आहे. संरक्षित नसलेल्या जागेत राज्य शासनालाही स्वतःच्या मर्जीने पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. त्यासाठी केंद्राची पूर्वमान्यता लागते. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत राज्य संचालनालयाने उत्खनन केले आणि तिथे दगडी हत्यारे मिळाली, तेव्हा कातळशिल्पे कोरणाऱ्या माणसांच्या काळाचा माग काढण्याची एक वाट खुली झाली. नुसत्या उघड्या कातळावरच्या रेघेचे वय काढणे अतिशय अवघड असते. कालनिर्णयासाठी मातीचे थर लागतात, आणि सड्यावर माती जवळजवळ नसतेच.

पैशांविषयी थोडक्यात. संचालनालयाची स्वतःची तरतूद असते, जिल्हा वार्षिक योजनेतूनही गडकिल्ले व संरक्षित स्मारकांसाठी निधी मिळतो, आणि महाराष्ट्र वैभव या संगोपन योजनेखाली २००७ पासून खासगी संस्थांना राज्य संरक्षित स्मारक सांभाळायला घेता येते. नळदुर्ग हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. केंद्राच्या ताब्यातल्या रायगडासाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, हीसुद्धा पैसा एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा अशी व्यवस्था आहे. कोकणात निधीपेक्षाही दिवसांचा प्रश्न मोठा ठरतो. चुन्याचे काम पावसात होत नाही, मंजुरी आणि निविदा यांत हिवाळा संपतो, आणि मार्चअखेर पैसे खर्ची टाकण्याच्या घाईत जुन्या भिंतीवर सिमेंटचा हात फिरतो. एका लहानशा गढीच्या दरवाजावर असा राखाडी गिलावा मी पाहिला आहे. आतल्या जांभ्याला ओल सोडायला जागाच उरली नव्हती आणि गिलाव्यामागे दगडाचा भुगा होत होता.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंना आणखी एक कायदा लागतो, तो थेट १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यात बंधनकारक आहे. घराचा पाया खणताना नाणी निघाली तर आजही लोक ती गुपचूप सोनाराकडे नेतात, यामागे हावेपेक्षा भीती जास्त असते: पोलीस येतील, घराचे काम थांबेल. दापोली तालुक्यातल्या पन्हाळे (पन्हाळेकाजी) गावी शिलाहारकालीन ताम्रपट सापडला आणि त्याच्या अनुरोधाने पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना तिथली लेणी अभ्यासकांसमोर आणता आली. तो पत्रा वितळला असता तर पन्हाळेकाजीला आज कोण गेले असते?

संरक्षणाची अंतिम अधिसूचना निघेपर्यंत काही वर्षे सहज जातात, आणि माझ्या मते कोकणातला खरा धोका याच मधल्या काळात आहे. त्या काळात सड्याविषयीचे सर्व निर्णय महसूल खात्यात होतात. गौण खनिजाचा परवाना, बिनशेतीची परवानगी, रस्त्याचे रुंदीकरण, बागेसाठी सपाटीकरण यांपैकी एकाही कागदावर पुरातत्त्व कार्यालयाचे मत घेण्याची वेळ येईलच असे नाही, कारण अधिसूचना नाही म्हणजे कागदोपत्री तिथे काहीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये गडकिल्ल्यांवरील अतिक्रमणे काढण्यासाठी शासनाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या नेमल्या. त्याच धर्तीवर, नोंद झालेल्या पण अजून संरक्षित न झालेल्या कातळशिल्पांच्या गट क्रमांकांची यादी रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाने प्रत्येक तहसीलदाराला आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला अधिकृतपणे द्यावी, आणि त्या गटात परवाना देण्यापूर्वी पाहणी अनिवार्य करावी. याला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेल.