किल्ट, काटकुळ्या पोटऱ्या आणि नक्षीचे मोजे

स्कॉटलंडमध्ये, एडिनबऱ्यात लग्नाचं आमंत्रण आलं आणि नवरदेवाच्या खास मंडळींत तुमचं नाव असलं, की किल्ट, म्हणजे पुरुषांनी घालायचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा लोकरी घागरा, ओघानंच येतो. बहुतेक जण तो भाड्याने आणतात. दुकानदार एका पिशवीत सगळा सरंजाम भरून देतो: किल्ट, जॅकेट, कमरेला साखळीने अडकवायचा स्पॉरन नावाचा बटवा, लांब नाड्यांचे बिनजिभेचे गिली ब्रोग बूट, आणि तळाशी कोंबलेले पांढरट जाड मोजे. मित्राच्या लग्नात करवला म्हणून मिरवायचं होतं तेव्हा किल्ट माझा स्वतःचा होता, ब्लॅक वॉच टार्टनचा. टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड. बाकीचं भाड्याने घेतलं. पांढरे मोजे मात्र काउंटरवरच परत केले. ‘सगळे हेच घालतात,’ असं तिथला मुलगा म्हणाला. घालतात खरे! भाड्याच्या धंद्याला ते सोयीचे आहेत, कोणत्याही टार्टनखाली खपून जातात. पण गडद निळ्या-हिरव्या किल्टखाली पांढरे मोजे घातले की बघणाऱ्याची नजर थेट पोटऱ्यांवर जाते, आणि माझ्या पोटऱ्या म्हणजे नुसत्या काड्या. पाइप बँडवाल्यांना पांढरं शोभतं, ते रांगेत चालतात. मला नक्षीचेच मोजे हवे होते.

इथे या मोज्यांना ‘होज’ म्हणतात. नक्षीचे दोन प्रकार सगळीकडे दिसतात. एक तिरप्या चौकड्यांचा, दोनच रंगांचा. तो पलटणींचा. ब्लॅक वॉच पलटणीचे मोजे लाल-काळे असत. दुसरा अर्गाइल, म्हणजे आपल्या शंकरपाळ्याचा आकार एकाखाली एक, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या बारीक तिरप्या रेघा. ही नक्षी मुळात विणलेल्या मोज्यांची नाही. पूर्वी मोजे टार्टनच्या कापडातूनच बेतून शिवत. उभ्या धाग्यावर कापलेलं कापड ताणत नाही, पोटरीवर बसत नाही, म्हणून ते तिरपं कापायचे. तिरपं कापलं की टार्टनचा चौकोन आपोआप टोकावर उभा राहतो. पुढे सुयांवर मोजे विणायला लागले तरी नजरेला सवय त्याच नक्षीची होती, ती राहिली.

अर्गाइल हे नाव कॅम्पबेल घराण्याच्या मुलखावरून आलं. 1725 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावर पहारा ठेवायला ज्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांतल्या निम्म्या कॅम्पबेलांच्या होत्या. 1739 मध्ये या तुकड्यांची पलटण झाली, तीच ब्लॅक वॉच. कलोडनच्या लढाईत या भागातलं बंड मोडल्यानंतर 1746 च्या कायद्याने सामान्य पुरुषांना हा पोशाख घालायची बंदी झाली, ती 1782 पर्यंत टिकली. सैन्यात असलेल्यांना मात्र सूट होती. म्हणून या पोशाखातलं बरंच काही पलटणींनी सांभाळलेलं आहे. कोणी ‘तू कोणत्या क्लॅनचा, म्हणजे घराण्याचा?’ असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, पण ब्लॅक वॉच घालायला घराण्याचं नाव लागत नाही. आणि त्याखाली अर्गाइल मोजे घालणं म्हणजे दोन जुने ओळखीचे एकत्र आणणं, हे मला आवडलं.

रंग ठरवताना खरी डोकेफोड झाली. पहिला विचार लाल-काळ्या चौकड्यांचा होता. दिसतात झकास, पण माझ्या डोळ्याला ते गणवेशासारखे वाटले. टार्टनशी तंतोतंत जुळणारी अख्खी चौकडी मोज्यावरही असते, पण ती दुसऱ्याच गिरणीची असली तर छटेत फरक पडतो आणि उन्हात तो ओरडून दिसतो. मग इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्स भागात राहणाऱ्या एका विणणाऱ्या बाईंचा पत्ता मिळाला. हा सगळा पट्टाच विणकामाचा. तिथल्या हॉइक गावात मोजे विणायची यंत्रं 1771 मध्येच आली होती. बाई मात्र सुयांवर विणतात. त्यांनी किल्टचा कोपरा खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, ‘हिरवा घे, पण किल्टमधल्या हिरव्यापेक्षा एक छटा उजळ. नाहीतर चार पावलांवरून सगळं काळंच दिसेल.’ हिरवा आणि गडद निळा असे शंकरपाळे ठरले, आणि त्यांवर करड्या रंगाची रेघ. अख्ख्या पोशाखाच्या भाड्याहून जास्त पैसे गेले. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘एवढ्यात माझी पैठणी नाही, पण निदान तिचा पदर आला असता.’

मापं त्यांनी बारकाईने घेतली. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर, घोट्याचा घेर, पावलाची लांबी, जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीखालपर्यंतची उंची. तीही दोन्ही पायांची वेगवेगळी, आणि संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. विणकाम पाहायला मिळालं ते मला या सगळ्यात जास्त भावलं. नक्षीचा पाय गोल नाही, सपाट विणतात. प्रत्येक रंगाची छोटी रीळ मागे लोंबत असते, रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवायचे, नाहीतर तिथे भोक पडतं. घोट्याकडे टाके कमी करायचे ते फक्त मागच्या शिवणीजवळ, म्हणजे पुढचे शंकरपाळे अखंड राहतात आणि मागचे शिवणीत गडप होतात. तिरप्या रेघा शेवटी सुईने टाक्यांवर टाके घालून काढतात. वरची दुमड उलटी विणतात, कारण ती बाहेर पलटल्यावर सुलट दिसायला हवी.

आता घालण्याबद्दल. मोजे आणि बूट आधी, किल्ट नंतर. आठ वार लोकर कमरेला गुंडाळल्यावर वाकून मोजा सरळ करून बघा, म्हणजे का ते कळेल. पाठीमागची शिवण टाचेच्या मध्यातून वर सरळ गेली पाहिजे. साध्या मोज्यात ती थोडी फिरली तरी कोणाला पत्ता लागत नाही, नक्षीच्या मोज्यात शंकरपाळ्यांची रांग नडगीवरून घसरून बाहेर जाते आणि पाय वाकडा दिसतो. मोजा पूर्ण वर ओढायचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वर गार्टर बांधायचा, मग त्यावर दुमड पाडायची. दुमडीची वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. किल्टचा काठ वाटीच्या मध्यावर येतो, त्यामुळे उघडा गुडघा मोजकाच दिसतो. गार्टरच्या फडफडत्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅशेस, दुमडीखालून बाहेरच्या बाजूला डोकावतात. मोज्यावर नक्षी असताना फ्लॅशेस एकरंगीच घ्यावेत, टार्टनचे घेतले तर पायावर बाजार भरतो.

उजव्या मोज्यात स्कीअन डू, छोटी सुरी, तिची फक्त मूठ दिसेल अशी. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्यात मुभा आहे. विमानाने जाणार असाल तर मात्र ती चेक-इन सामानातच टाका. बुटांच्या नाड्या घोट्यापाशी पीळ देऊन तिथेच बांधायच्या. पोटरीवर वरपर्यंत गुंडाळायची हौस काहींना असते, पण मग एवढे पैसे मोजून घेतलेली नक्षी नाड्यांखाली जाते.

रात्री ‘केली’, म्हणजे स्कॉटिश समूहनाच झाला. त्यातल्या ‘स्ट्रिप द विलो’ नावाच्या नाचात एका हातातून दुसऱ्या हातात फिरत गेलं की भाड्याचे मोजे दहा मिनिटांत घोट्यावर येतात. आजूबाजूला तेच चाललं होतं, प्रत्येक ओळीत कोणी ना कोणी खाली वाकून मोजा वर खेचत होता. माझे जागचे हलले नाहीत. फ्लॅशेस मात्र फिरून नडगीवर आले, आणि लोकर गरम होऊन पोटऱ्यांना अशी खाज सुटली की टेबलाखाली हात घालून खाजवत बसलो. पुढच्या वेळी आत पातळ सुती मोजा घालणार. व्हिडिओ कॉलवर आईने एवढंच विचारलं, ‘गुडघे उघडे का ठेवलेस रे, थंडी नाही का?’

धुण्याचं सोपं आहे. कोमट पाणी, लोकरीचा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळत टाकायचं. कसरीपासून जपायला देवदाराचे तुकडे ठेवले आहेत. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एकाचं दिवसाचं लग्न आहे. नक्षीचे मोजे जुन्या रिवाजानुसार संध्याकाळच्या पोशाखाचे, दिवसा ट्वीडच्या जॅकेटखाली एकरंगी बरे. त्यामुळे बाईंना गंजाच्या रंगाची एक साधी जोडी सांगितली आहे. मापं त्यांच्या वहीत आहेतच.