बंदूक नाही, होल्स्टर आहे

परवा ऑफिसातल्या एकाने माझ्या टेबलावर दीडशे डॉलर ठेवले आणि मी ते उचलून परत त्याच्या हातात कोंबले. त्याच्यासाठी मी होल्स्टर शिवलं होतं, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला पिस्तूल अडकवायचं चामडी कव्हर. त्याला वाटलं मला भीड पडतेय, इंडियन लोक असंच करतात, म्हणून तो पाकिटातून अजून वीस काढायला लागला. शेवटी सांगावं लागलं की बाबा रे, भीड नाही, व्हिसा आहे. एच-वन-बी वर ज्या कंपनीने आणलं तिचाच पगार घ्यायचा. बाकी हौस म्हणून चित्रं काढा, चामडं शिवा, कोणी अडवत नाही, पण विकून पैसे घेतले की ते विनापरवाना काम धरतात आणि ग्रीनकार्डाच्या रांगेत काढलेली सगळी वर्षं पाण्यात. तो इथे जन्मलेला, त्याला हे ऐकूनही माहीत नव्हतं. "स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचे पण नाही?" नाही रे राजा, स्वतःच्या हाताने केलेल्याचे तर नाहीच नाही.

आता याच्या पुढचं ऐका. ज्या वस्तूसाठी मी कव्हर शिवतो ती वस्तूसुद्धा मला बाळगता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि गोळ्या ठेवायला इथल्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीचं लायसन्स काढलं तर त्यातून वाट आहे, पण मला ती वाट नको, मला बंदुकीत रसच नाही. उलट मी राहतो त्या टेक्सासचा कायदा बघा. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि दुसरी कुठली कायद्याची आडकाठी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं, फक्त ते लोकांना दिसत असेल तर होल्स्टरमध्ये पाहिजे. २०१६ मध्ये परवानेवाल्यांना उघड बाळगायची मोकळीक दिली तेव्हा तर होल्स्टर खांद्याचं किंवा कमरेच्या पट्ट्याचंच हवं असंही कायद्यात लिहिलं होतं. म्हणजे आमच्या या किरकोळ शिवणकामाला थेट कायद्याच्या पुस्तकात जागा आहे.

तर मी पिस्तुलाऐवजी डमी वापरतो. निळ्या प्लास्टिकची, हुबेहूब मापाची, आत काही नाही. पाहुणे आले की बायको ती कपाटात टाकते. चामडं कोमट पाण्यात भिजवायचं, डमीवर चढवायचं, आणि बोटांनी, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत पिस्तुलाची प्रत्येक कड चामड्यात उतरवायची, मग ते सावकाश वाळू द्यायचं. वाळलं की त्याच आकारात कडक होतं आणि पिस्तूल आत गेल्यावर धरून ठेवतं, बटण नाही, बंद नाही. हे फक्त झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याला जमतं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं, जगातल्या बहुतेक पर्सा आणि सोफ्यांचं, ते पाण्यातून काढलं की परत लुळं पडतं.

घरच्या ग्रुपवर एकदा फोटो टाकला होता. त्यावर दोन आक्षेप आले. मावसबहिणीने विचारलं, "बंदुकांच्या नादाला कधी लागलास?" आणि एका काकांनी लिहिलं की एवढं इंजिनिअरिंग शिकून शेवटी हे धंदे का, आणि पुढे जातीचं नाव घेतलं, ते मी इथे टाइप करत नाही. दोघांना तेव्हा हसरा चेहरा पाठवला. आता सविस्तर लिहितो.

पण आधी मशीन. सॉरी, पण मशीनबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

मी इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात दहावीचा अभ्यास केला. मागाचा आवाज जरा बदलला की न बघता सांगणारी माणसं आमच्या गल्लीत होती, त्यामुळे मशीन बघितलं की आधी कान तिकडे जातो. होल्स्टरचं चामडं इथे औंसात मोजतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. मी आठ औंसाचं घेतो, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. असे दोन थर, तोंडाशी मजबुतीला तिसरा, कधी मध्ये पट्टी, सगळं मिळून सेंटीमीटरभर. घरच्या शिलाई मशीनचं इथे काही चालत नाही, कारण त्यात कापड पुढे सरकवायचं काम फक्त खालचे दात करतात, वरचा पाय नुसता दाबून बसतो. जाड चामड्यात खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि टाके वाकडे पडतात. चामड्याच्या मशीनमध्ये सुई चामड्यात घुसल्या घुसल्या त्यालाच धरून पुढे सरकते, सोबत वरचा पाय आणि खालचे दात, तिघं एका तालात चालतात. जुकी या जपानी कंपनीने ४४१ नावाचं असं मशीन काढलं आणि त्याच्या नकला आता अर्ध्या जगात चालतात, कोब्रा, काउबॉय अशी मर्दानी नावं लावून. माझं त्यातलंच. साडेसोळा इंच लांब दंडगोल हात आहे त्याला, घोड्याचं खोगीरसुद्धा त्यावर चढतं, पायाखाली पाऊण इंचापेक्षा जास्त जाडी जाते. वरून २७७ नंबरचा नायलॉनचा दोरा, खाली बॉबिनला २०७ चा, इंचाला सहा टाके. वरचा आणि खालचा दोरा जिथे एकमेकात अडकतात ती गाठ चामड्याच्या बरोब्बर मधोमध लपली पाहिजे. खाली दिसली तर ताण चुकला. सर्वो मोटर, म्हणजे वेग हवा तेवढा कमी ठेवता येणारी मोटर, असल्यामुळे पायडल हलकेच दाबलं तर एकेक टाका पडतो, टक... टक... आणि प्रत्येक टाक्याला तो पाय उचलून परत बसतानाचा जो आवाज आहे ना, तो मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलाय. हसा.

हे मशीन नवं घेतलं असतं तर तीनेक हजार डॉलरला पडलं असतं. मला ते एका रिटायर्ड म्हातारबाबांनी निम्म्याच्या आसपास दिलं. आयुष्यभर घोड्यांचे साज केले, आता संधिवाताने बोटं वळत नाहीत म्हणून विकायला काढलेलं. स्वतःच्या पिकअपमध्ये घालून घरी आणलं, गराजमध्ये लावून दिलं, सुईचा आणि खालच्या हुकचा मेळ बघितला, आणि कॉफी पण घेतली नाही. त्यानंतर दर काही आठवड्यांनी मेसेज येतो, कसं चाललंय तिचं? मशीनला ते "ती" म्हणतात. आपल्याकडे गावात कोणी गाय विकल्यावर असं विचारतात.

आणि यावर एक राग ओकून घेतो. इथे ऑनलाइन जुनी काळी घरगुती मशीन "इंडस्ट्रियल, चामडं शिवते" म्हणून विकायला ठेवतात. व्हिडिओत हाताने चाक फिरवून पट्ट्याचे चार थर शिवून दाखवतात. हाताने फिरवलं तर शिवेलच की! मोटरवर आठवडा चालवा म्हणजे कळेल. आपली आजीची उषा किंवा सिंगर जशी, तशीच ती, उत्तम मशीन, ब्लाउज शिवा, पडदे शिवा. तिच्या नावावर खोटं का बोलायचं? नवखी पोरं फसतात आणि मग म्हणतात चामड्याचं काम अवघड. दुसऱ्या टोकाला हाताने शिवणारे सोवळे लोक. दोन सुया, एक दोरा, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून. त्यांचं म्हणणं खरं आहे, त्या शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत, मशीनच्या टाक्यात तशी हमी नसते. मान्य. पण मला नोकरी आहे, दोन मुलं आहेत.

आता बहिणीचा आक्षेप. मी बंदूक करत नाही, विकत नाही, बाळगत नाही. ज्याच्यासाठी शिवतो त्याच्याकडे ती आधीच आहे. आणि चांगल्या होल्स्टरचं पहिलं काम म्हणजे ट्रिगर पूर्ण झाकणं. जुन्या वेस्टर्न होल्स्टरमध्ये ट्रिगर उघडा असायचा, रिव्हॉल्व्हरच्या जमान्यात ते खपलं, आताच्या पिस्तुलात तसं चालत नाही. तोंडाशी जो तिसरा थर लावतो तो पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहावं म्हणून, नाहीतर मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत जाऊन ट्रिगरला अडकते आणि माणूस स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेतो. खिशात नुसतं पिस्तूल कोंबून फिरणाऱ्यापेक्षा माझं होल्स्टर लावणारा बरा, असं मी म्हणतो. मुलांच्या शाळेत बंदूकधारी घुसला तर काय करायचं याचा सराव असतो त्या दिवशी हे वाक्य जरा कमी जोरात म्हणतो. पण म्हणतो.

काकांचं जास्त लागलं. कारण इथे याच कामाला काय मान आहे ते रोज बघतोय. आमच्या इथून तासाभरावर फोर्टवर्थ, तिथे १९१९ मध्ये हिंक्ली आणि टँडी अशा दोघांनी बुटांचे तळवे आणि दुरुस्तीचं सामान पुरवायचं दुकान काढलं. टँडीचा मुलगा चार्ल्स दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, तिथे त्याने बघितलं की हॉस्पिटलात जखमी सैनिकांना हाताला चाळा म्हणून चामड्याचं काम देतात, आणि त्याने घरी कळवलं की यात धंदा आहे. पुढे त्यांनी पाकिटं आणि पट्ट्यांचे किट विकून देशभर दुकानं काढली, इतकी की १९६३ मध्ये रेडिओशॅक ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी विकत घेतली. स्काउटमध्ये मुलांना चामड्याच्या कामाचा बिल्ला मिळतो. म्हणजे इथे हे काम हॉस्पिटलातून आणि स्काउटच्या कँपमधून घरात आलं. डॉक्टर, वकील, निवृत्त पोलीस शनिवारी हातोडी घेऊन चामड्यावर फुलं ठोकत बसतात आणि कोणी त्यांना विचारत नाही की तुम्ही हे का करता.

आपल्याकडे ते जन्माने यायचं. कातडं कमावणारे ढोर, वस्तू करणारे चर्मकार, आणि बाकी गाव त्याच चपला घालून त्यांना वेशीबाहेर ठेवणार. आमच्या घरात देवघरात कमरेचा पट्टा न्यायची बंदी होती. काका त्याच घरातले, मीही. मग मला इथे गराजमध्ये एसी लावून आवडीने शिवताना जे मोकळं वाटतं ते फुकटचं आहे हेही खरं. मला "आर्टिझन" म्हणतात. कोल्हापूरकडच्या कापशी गावात दगडावर चामडं ठेवून रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, चालवणाऱ्याला कोण म्हणतं? त्याची रापी बघा एकदा, कडेला चामडं कागदासारखं पातळ करतो तो एका हिसक्यात, मी तेच करायला दोनशे डॉलरचं यंत्र घेतलंय.

पण मग अमेरिकेचंही सगळंच गोड मानायचं नाही. इथे हौस परवडते कारण हे पोटाचं काम राहिलं नाही. बुटांचे कारखाने कधीच बाहेर गेले, मेक्सिकोत, चीनमध्ये, आपल्याकडेही. चांगलं सालीचं चामडं करणाऱ्या नावाजलेल्या टॅनरीसुद्धा बोटावर मोजण्याइतक्या, सेंट लुइसची हर्मन ओक १८८१ पासूनची, पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग त्याहून जुनी. आणि कोल्हापुरीचं चामडं काय कमी आहे का? कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं, टांगून ठेवायचं. खिळा न मारता वादीने शिवलेली चप्पल. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने तसल्याच चपला कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या तेव्हा आपला ग्रुप पेटून उठला होता, सगळ्यात पुढे काका. तेव्हा ती चप्पल आपली होती. मी शिवायला बसलो की मात्र जात.

आईला अजून एक सांगितलेलं नाही. चामड्याला शेवटी जे तेल लावतो ते गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात. तिला मी "खास तेल" एवढंच सांगितलंय. चामडं कशाचं असतं ते तिला माहीत आहे, तेलाचं कळलं तर त्या हाताने जेवू नकोस म्हणेल.

तर दीडशे डॉलर परत केले. त्या बदल्यात तो त्याच्या शेतातले पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) घेऊन आला, तेही मी घाबरत घाबरत, "गिफ्ट आहे ना?" असं तीनदा विचारून घेतले.

आता एक काम सांगतो. डिसेंबरात कोल्हापूरला येतोय. सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं हवंय, तीन मिलिमीटरच्या वर जाड, पाठीकडचं, पोटाकडचं नको, ते ताणतं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर बैलाचं मिळत नाही ते माहीत आहे, म्हशीचंच बघायचंय, होल्स्टरला कसं बसतं ते. कोल्हापूर-मिरज भागात कोणाची ओळख असेल तर खाली लिहा. आणि प्लीज, "एक्सपोर्ट क्वालिटी" म्हणून क्रोमचं गळ्यात मारणाऱ्या दुकानाचा पत्ता नको, मी पाण्यात बुडवून बघणार आहे.