वीस गोळ्या जास्त

मानसोपचार रुग्णालयाच्या औषध विभागात गोळ्या कमी भरणे ही नेहमीची गोष्ट आहे. कोणाची पट्टी हरवते, कोणी चुकून दुप्पट घेतो, कोणी मुद्दाम जास्त घेतो, आणि ही शेवटची शक्यता सतत मनात असल्यामुळे आमची नजर उणे आकड्याला सरावलेली असते. त्या सकाळी मात्र मोजणीच्या ट्रेमध्ये हिशेबापेक्षा वीस गोळ्या जास्त निघाल्या, आणि त्यांचा अर्थ लागायला मला जरा वेळच लागला.

ज्यांच्या त्या गोळ्या होत्या, त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणत असे. तीव्र नैराश्यासाठी अकरा वर्षांपासून त्या फेनेल्झिन हे औषध घेत होत्या. त्याआधी त्यांच्यावर फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन आणि एक ट्रायसायक्लिक औषध, तिन्ही पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ वापरून झाली होती. लिथियमची जोड देऊन पाहिली होती. विद्युत उपचारांनी एकदा चांगला गुण आला, पण तो टिकला नाही. फेनेल्झिनने टिकला. पंधरा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, मुरवलेले चीज आणि आंबवलेले पदार्थ वर्ज्य, सर्दीखोकल्याचे कोणतेही औषध आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, एवढे नियम पाळून त्या अकरा वर्षे शांतपणे जगल्या होत्या.

पुरवठा अनिश्चित काळासाठी थांबल्याची सूचना आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. ती मी ‘कमी खपाची औषधे’ या फाइलमध्ये लावली होती, कारण आमच्याकडे हे औषध घेणाऱ्या बाई एकट्याच होत्या. आता मागे वळून पाहताना वाटते, ज्या औषधाचा एकच रुग्ण असतो त्याचीच सूचना सर्वांत आधी वाचायला हवी होती. जुन्या, पेटंट संपलेल्या औषधाचा खप थोडा असतो, बनवणारे त्याहून थोडे असतात, आणि त्यांतल्या एकाने हात आखडता घेतला की दुसरीकडे वळायला जागा उरत नाही. मी सूचना बाजूला ठेवली, पण खिडकीवरच्या सहकाऱ्याने ती वाचली होती आणि बाईंना औषध देताना सहज सांगितले होते की, पुढच्या वेळी मिळेलच असे नाही.

त्या दिवशी त्यांना १२० गोळ्या दिल्याची नोंद होती. तेरा दिवसांनी, म्हणजे त्या सकाळी, शिल्लक ६८ असायला हवी होती, होती ८८.

“बाई, रोज चार घेताय ना?”

“तीन दिवस घेतल्या. मग विचार केला, दोन घेतल्या तर दुप्पट दिवस पुरतील.” त्यांनी हे एखादे उदाहरण सोडवून दाखवावे तसे सांगितले. वहीत रोजचा आकडा लिहिला होता आणि आकड्यापुढे झोपेचे तासही होते: सात, सात, सहा, पाच, साडेतीन. शेवटच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “लिहावंसं वाटलं नाही.” गोळ्यांच्या हिशेबापेक्षा मला त्या दोन कोऱ्या ओळींची भीती जास्त वाटली. मी त्यांना घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले. मृत्यूचे विचार येतात का, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत विचारले आणि त्यांनीही तितक्याच स्पष्टपणे “येतात, पण ठरवलेलं काही नाही” असे सांगितले. दहा मिनिटांत त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन गेला. वॉर्डमध्ये एक खाट राखून ठेवली.

दुपारी आम्ही पर्याय मांडायला बसलो, तेव्हा खरी अडचण कळली. फेनेल्झिन हे मेंदूतली काही रसायने मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) कायमचे जखडून टाकते. औषध रक्तातून दोन-तीन दिवसांत निघून जाते, पण जखडलेले विकर सुटत नाही. शरीराला ते नव्याने तयार करावे लागते आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तोवर पथ्य चालूच ठेवावे लागते आणि बहुतेक नैराश्यरोधके सुरू करता येत नाहीत. हेच विकर रोखणाऱ्या गटातल्या दुसऱ्या औषधावर थेट उडी मारावी असे वाटते खरे, पण तशा बदलात रक्तदाब धोकादायक वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणजे कोणताही पर्याय निवडला तरी मधले १४ दिवस बाईंना जवळजवळ आधाराविना काढायचे होते.

फ्लुओक्सेटिन पुन्हा द्यावे, ही सूचना एका कनिष्ठ डॉक्टरांनी केली. पण ते शरीरात इतके रेंगाळते की ते थांबवून पुन्हा या गटाकडे यायचे झाल्यास पाच आठवडे थांबावे लागते. एकदा गुण न आलेल्या औषधासाठी परतीची वाट एवढी लांबवणे डॉक्टरांना पटले नाही. याच गटातले मोक्लोबेमाइड सौम्य आणि पथ्याच्या दृष्टीने सोपे, पण इतक्या तीव्र आजाराला ते पुरेल असे त्यांना वाटत नव्हते. विद्युत उपचार त्यांनी हाताशी ठेवले. उरले याच गटातले ट्रॅनिलसायप्रोमिन. कनिष्ठ डॉक्टरांनी नैराश्यावरच्या उपचारांच्या अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ अभ्यासाची आठवण करून दिली: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चौथ्या टप्प्यात या औषधाने सुमारे ७ टक्केच रुग्ण पूर्ण बरे झाले होते. डॉक्टर म्हणाले की, तिथे मात्रा बहुतेकांना अपुरी मिळाली होती, मधल्या खंडाचा त्रासही झाला होता, आणि मुख्य म्हणजे त्या रुग्णांना तोवर कशानेच गुण आला नव्हता. बाईंना याच गटाने अकरा वर्षे उभे ठेवले आहे. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला होता, अजूनही पटतो.

मग गोळ्यांचे गणित. त्यांच्याकडच्या ८८ आणि आमच्या शीतकपाटातल्या २४ मिळून ११२. दोनवर आलेल्या बाईंना पुन्हा तीनवर नेऊन दोन आठवडे स्थिर करायचे, ४२ गोळ्या. मग तीन आठवडे दोन, पुन्हा ४२. मग तीन आठवडे एक, २१. बाईंनी मान वर न करता सांगितले, “सात उरतात.” त्या राखीव ठेवायच्या ठरल्या.

निघताना मी त्यांच्या जवळचे सावधगिरीचे कार्ड नवे करून दिले: वेदनाशामकांपैकी पेथिडिन नको, ट्रॅमाडॉल नको, डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे खोकल्याचे औषध नको, आणि हे सगळे शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवडे. या औषधांचे चीजशी वैर आहे हे १९६३ साली बॅरी ब्लॅकवेल यांनी मांडले, आणि त्यांना तो धागा एका फार्मासिस्टच्या पत्रातून मिळाला होता; पत्नीला चीज खाल्ल्यावर होणाऱ्या डोकेदुखीचे त्याने नीट निरीक्षण केले होते. ही हकिगत मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगत असे. त्या दिवशी ती आठवून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याने न विचारता पत्र लिहिले होते आणि मी आलेले पत्र फाइलला लावले होते.

आठ आठवडे ठरल्याप्रमाणे गेले. त्यानंतरचे दोन गेले नाहीत. सहाव्या दिवशी बहीण त्यांना घेऊन आली आणि राखून ठेवलेली खाट वापरावी लागली. पंधराव्या दिवशी ट्रॅनिलसायप्रोमिन सुरू झाले, १० मिलिग्रॅमपासून, दर मात्रेनंतर रक्तदाब मोजत, हळूहळू ४० पर्यंत. पाचव्या आठवड्यात वहीच्या ओळी पुन्हा भरू लागल्या. हे औषध उत्तेजक आहे. झोप पाच तासांवरच थांबली आणि फेनेल्झिनने मिळणारी स्वस्थता काही आली नाही, असे त्या सांगत.

काही महिन्यांनी फेनेल्झिनचा पुरवठा पुन्हा सुरू झाल्याची सूचना आली. ती मी आल्या मिनिटाला वाचली आणि डॉक्टरांना विचारून बाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “परत जायचं तर मधे चौदा दिवस?”

“हो, बाई.”

“मग पाच तास झोप पुरे.”

राखीव सात गोळ्या त्यांनी पुढच्या भेटीत परत आणून दिल्या. त्या मी त्यांच्यासमोर मोजल्या आणि नाशनोंदवहीत लिहिल्या.