यादी केली मी, पुढच्या यादीत नाव माझं

ले-ऑफची, म्हणजे नोकरकपातीची, झळ मॅनेजरांना बसते का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या मॅनेजरांना? माझ्यासारख्या, की माझ्या साहेबांच्या साहेबांना? बडोद्यात एका मोठ्या परदेशी कंपनीच्या डिझाइन सेंटरमध्ये मी मेकॅनिकल टीम सांभाळत होते. २०२४ मध्ये आधी मी माझ्या टीममधली माणसं कमी केली आणि त्याच आर्थिक वर्षात कंपनीने मला कमी केलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंचे कागद पाहिले, म्हणून लिहितेय.

सुरुवात एका एक्सेल शीटने झाली. वरून आकडा ठरूनच आला होता, आणि तो माणसांचा नव्हता, खर्चाचा होता. खर्चाने मोजायला बसलं की वीस वर्षं काम केलेला सिनियर ड्राफ्ट्समन एकटाच तीन ट्रेनींइतका भरतो आणि यादीत आपोआप वर सरकतो. कायदा याच्या बरोबर उलट सांगत होता. औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम २५-जी: त्या वर्गातला शेवटी लागलेला आधी जाणार, आणि तसं करायचं नसेल तर कारण लिहून ठेवायचं. मी हे एचआरच्या बाईंना दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, आपण रिट्रेंचमेंट, म्हणजे छाटणी, करतच नाही आहोत. आपण राजीनामे घेतोय.”

मेख इथे होती. कामगाराला कमी केलं तर कलम २५-एफप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, शिवाय सरकारला कळवणं यायचं. स्वतःहून राजीनामा दिला की यातलं काहीच लागू होत नाही. कंपनी देऊ करत होती दोन महिन्यांचा पगार आणि ‘स्वच्छ’ रिलीव्हिंग लेटर. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचे पंधरा-पंधरा दिवस मोजले तर दहा महिन्यांचा पगार होतो. फरक एवढा, आणि तो एका सहीत जात होता.

एसीत बसून ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढणारा माणूस कसला कामगार, असंच आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं. त्या ड्राफ्ट्समनलाही. पण कायद्यातल्या ‘कामगार’च्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याला पगाराची मर्यादा नव्हती, आणि कोर्ट पदाचं नाव बघत नाही, माणूस रोज काय काम करतो ते बघतं. व्याख्येबाहेर होता तो मॅनेजर, म्हणजे मी. (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही मॅनेजर बाहेरच.)

पुढच्या मीटिंगला मी शीटमध्ये एक कॉलम वाढवून नेला. सेंटर हेडपासून माझ्यापर्यंत सगळ्या मॅनेजरांनी वर्षभर दहा टक्के पगार सोडला तर किती पैसे वाचतात? माझ्या यादीतली निम्मी नावं पुसता येत होती. मी काही जगावेगळं मागत नव्हते. २०२३ च्या सुरुवातीला इंटेलने सीईओचा मूळ पगार २५ टक्क्यांनी, त्याच्या लगतच्या वरिष्ठांचा १५, सिनियर मॅनेजरांचा १० आणि मधल्या फळीचा ५ टक्क्यांनी कापला होता. तासाच्या हिशेबाने काम करणाऱ्यांना हात लावला नव्हता. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोचे तेव्हाचे प्रमुख सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये विक्री घसरल्यावर स्वतःचा पगार पाच महिने निम्म्यावर आणला. हे सगळं मी स्लाइडवर घातलं होतं. हेडसाहेब म्हणाले, “विचार उत्तम, पण चांगले मॅनेजर टिकवायचेत ना आपल्याला.” स्लाइड तिथेच संपली.

नंतर कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टीमचा मॅनेजर माझ्यावर उखडला. “तुझं काय, दांडिया बाजारात आजोबांचं घर आहे. माझा वासणा रोडचा फ्लॅट अजून बँकेचा आहे. माझ्या पगारावर तू दानशूर होतेस?” त्याचंही खोटं नव्हतं. आणि इंटेलनेही ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त लोक कमी करायचं जाहीर केलंच. पगारकपातीने बुडता धंदा तरत नाही, हे मला मान्य आहे. पण यादी करणाऱ्याला यादीची काही किंमत मोजावी लागली की तो नाव घालताना हात आखडता घेतो. आमच्याकडे ती किंमत शून्य होती. उलट खर्च खाली आणल्याबद्दल वरच्यांच्या बोनसमध्ये त्याचे गुण धरले जाणार होते.

मग यादीतल्यांना काय आणि कसं सांगायचं याची स्क्रिप्ट आली. दहा मिनिटं, शेजारी एचआर, ‘मला वाईट वाटतं’ असं म्हणायचं नाही, कारण त्यावरून म्हणे पुढे कोर्टकचेरी होते. ड्राफ्ट्समनने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मॅडम, मेडिक्लेम कधीपर्यंत?” त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं. मी उत्तर दिलं आणि स्क्रिप्टबाहेर एक वाक्य बोलले: “आज सही करू नका. घरी न्या, कुणाला तरी दाखवा.” एचआरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते विसरणार नाही. त्याने सही केली नाही. लेबर ऑफिसात अर्ज केला, समेटाच्या बैठका झाल्या आणि शेवटी कंपनी पंधरा दिवसांच्या हिशेबाच्या बऱ्याच जवळ आली. बाकीच्यांनी त्याच दिवशी सह्या केल्या होत्या.

अशा वेळी मॅनेजरवर किती ताण येतो, यावर लिंक्डइनवर पुष्कळ लिहिलं जातं. माझी झोप उडाली होती, खरं आहे. पण झोप उडणं आणि पगार थांबणं एका पारड्यात घालू नये. नंतर दोन्ही अनुभवले, त्यामुळे हे ठामपणे सांगू शकते.

माझी पाळी आली ती ‘लेअर्स कमी करणे’, म्हणजे मॅनेजरांचे मधले थर काढणे, या नावाखाली. हे वारं २०२३ पासूनच आहे. मेटाने तेव्हा बऱ्याच मॅनेजरांना सांगितलं होतं की टीम सोडा आणि स्वतः कामाला बसा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. तेव्हा मॅनेजर सुटतात असं कुणी म्हणू नये. सुटतात ते आकडा ठरवणारे.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या मामेभावाने माझी फाईल चाळली आणि म्हणाला, “ताई, तुझं अपॉइंटमेंट लेटर हाच तुझा कायदा.” त्यात तीन महिन्यांची नोटीस लिहिली होती, तेवढे पैसे मिळाले. पंधरा दिवसांचं ते कलम माझ्यासाठी नव्हतं. कामगाराला छाटणीच्या भरपाईवर पाच लाखांपर्यंत आयकरातून सूट असते, तीही मला नाही. कंपनीने दिलेल्या जादा रकमेवर पगारासारखाच टीडीएस कापला गेला.

ग्रॅच्युइटीचा कायदा मात्र मॅनेजर आणि शिपाई असा भेद करत नाही. माझ्या वेळी हिशेब असा होता: शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. कमाल वीस लाख, आणि तीस दिवसांत द्यायची. कंपनीने माझं वरचं आठ महिन्यांचं वर्ष सोडून दिलं होतं. मी मेल टाकला, दुरुस्त झालं. ज्यांनी मेल टाकला नाही त्यांचं काय झालं, कोण जाणे.

पीएफमध्ये ‘डेट ऑफ एक्झिट’, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, भरायला कंपनी विसरली. ती कंपनीनेच भरायला हवी म्हणून मी मेलवर मेल करत राहिले. अकोट्याच्या पीएफ ऑफिसातल्या एका भल्या क्लार्कने सांगितलं की शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पोर्टलवर ती आपली आपण भरता येते. मेडिक्लेमचं मात्र आधी बघा: ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, तिचा अर्ज पॉलिसी चालू असतानाच टाकावा. मी ड्राफ्ट्समनला हे त्या दिवशीच सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या वेळी शोधाशोध करावी लागली नाही.

आता मी मकरपुऱ्यात एका लहान फर्ममध्ये आहे. त्याआधी ज्या मोठ्या कंपन्यांत मुलाखती दिल्या, तिथे शेवटी ‘काही विचारायचंय का’ म्हटलं की मी विचारायचे, कपात करायची वेळ आली तर मॅनेजरांचा पगार किती कमी होतो? बहुतेक जण हसायचे. एका ठिकाणी मात्र बाईंनी गंभीरपणे सांगितलं की डायरेक्टर आणि वरच्यांचं व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, त्या वर्षी शून्य होतं, आणि तसं ऑफर लेटरमध्ये लिहून देऊ. ऑफर आली नाही, पण दुसऱ्या उमेदवारांना मी त्या कंपनीचं नाव सुचवते.